वरवट बकालची सुपारी आणि अडून बसलेलं मशीन

सातपुड्याच्या पायथ्याशी एकदा जाऊन यायचं, असं मी वर्षभर नुसतं घोकत होते. शेवटी नेलं ते एका अडेल मशीनने. थुंकीच्या नमुन्यातून डीएनए वेगळा काढून जनुकीय तपासणीसाठी तयार करणारी मशीनं मी विकते. सध्या धंदा तेजीत आहे, छोट्या छोट्या लॅबसुद्धा मागतात. पण पुण्यातल्या एका लॅबला चाचणीसाठी दिलेलं मशीन बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकाल गावचे नमुने घातले की बंद पडायचं. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर ते परत येणार होतं. मग तिथल्या तंत्रज्ञ ज्योतीताईंना दुखऱ्या अंगठ्याने पुन्हा रात्री उशिरापर्यंत एकेक नळी हाताने भरावी लागली असती. लॅबच्या साहेबांकडे हट्ट धरून मशीन त्यांनीच आणवलं होतं. आणि मी शहाणी, त्यांनाच "तुमचंच काहीतरी चुकतंय," म्हणून मोकळी झाले होते!

नमुने घेतात तरी कसे ते बघायला शनिवारी सकाळी शेगावला उतरले. कचोरी गरम असेल तरच घ्या, आणि दोन खाल्ल्यात तर दुपारच्या जेवणाची आशा सोडा. पुढे वरवट बकालला एसटी मिळते. सुट्टे पैसे जवळ असू द्या. खिडकीतून फुटलेला कापूस आणि लांबवर सातपुड्याची निळी रेघ दिसत होती, पण माझं लक्ष कुठलं लागायला!

नमुने गोळा करणाऱ्या आरोग्यसेविका सुनंदाताई मला नमुना दिलेल्या वामनकाकांकडे घेऊन गेल्या. चहा झाला. काकांनी अडकित्ता काढला आणि कातरलेली सुपारी माझ्यापुढे धरली.

"घ्या. पाहुण्याले सुपारी न देता कसं जाऊ द्याचं?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "काका, नळीत थुंकायच्या आधी पण खाल्ली होती?"

"हाव. या ताईनं सांगतलं, अर्धा घंटा काही खाऊ-पिऊ नका. चहा बी नाही घेतला. पण सुपारी काय जेवण हाये का?"

"अन् म्या बी खाल्ली," सुनंदाताई ओशाळून म्हणाल्या. "नाही म्हटलं तं काकाले राग येते."

ज्योतीताई हाताने काम करायच्या तेव्हा तळाशी बसलेला सुपारीचा चुरा त्यांना दिसायचा, त्या वरची थुंकी तेवढी ओढून घ्यायच्या. मशीनची शोषनळी सरळ तळाला जाते आणि चुऱ्याने तुंबते. मला एवढं हायसं वाटलं, की मी तिथेच खोखो हसत सुटले. काकाही हसले.

सहा घरांतले नमुने पुन्हा घेतले. चुळा भरून काका अर्धा तास अडकित्त्याकडे बघत बसले. नंतर काकूंनी झुणका-भाकर आणि ठेचा वाढला. कचोरीचं मी तुम्हाला वर खोटं सांगितलं, दोन भाकरी खाल्ल्या.

नमुने लॅबमध्ये पोचवले, घरी येऊन बॅग तशीच टाकली आणि मेल्यासारखी झोपले. सोमवारी माझे साहेब म्हणाले, "अहवालात ग्राहकाची चूक, असं लिही." मी लिहिलं, "चूक आमची. सुपारीचं विचारायचं राहिलं." प्रवासातून काय घेऊन आलीस, असं कुणी विचारलं तर हे एवढंच सांगेन.

संध्याकाळी ज्योतीताईंचा फोन आला. सगळे नमुने एका दमात पार पडले होते, मशीन राहणार होतं. मी त्यांची माफी मागितली.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "पाच वाजलेत, मी घरी चाललेय."