पंपाचं टोपडं

आमच्या घरात समुद्र आहे. पिंपळगाव राजात, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. खारं पाणी, खडक, लाटा, सगळं आहे. किनाऱ्यावर बसून भेळ खाणारा तेवढा मी.

हा समुद्र माझ्या बायकोचा. शिल्पा शाळेत विज्ञान शिकवते. काचेच्या टाकीत तिनं पुण्याहून आणलेलं समुद्रफूल पाळलंय. नाव फूल, पण आहे प्राणी! बोटांसारखे मऊ धागे हलवत दगडावर बसतं आणि मनात आलं की बुडाच्या गादीवर सरकत जागा बदलतं. त्याच्या कुशीत एक नारिंगी मासा राहतो. शिल्पा शाळेतून आली की आधी फुलाला बघते, मग मला. (तक्रार नाही. ते माझ्यापेक्षा टवटवीत दिसतं.)

माझं विहिरीच्या मोटारींचं दुकान आहे. पंप नुसता ऐकून मी दुखणं सांगतो. दुकानात शेतकऱ्यांसाठी सूचनेची भलीमोठी पाटीसुद्धा मीच रंगवलीय. त्यामुळे बहिणीच्या बाळाच्या बारशाला सुलतानपूरला जाताना शिल्पानं बजावलं, "अहो, पाणी आटलं तर साधं फिल्टरचं टाका. बाकी कशाला हात लावू नका." तेव्हा मला अपमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं लक्ष टाकीतल्या लाटांच्या पंपाकडे गेलं. त्याच्या तोंडावर स्पंजचं टोपडं! विहिरीतल्या मोटारीची जाळी चोंदली की पाणी कमी पडतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी बाह्या वर केल्या.

"काय करून राह्यला बे?" माय स्वयंपाकघरातून ओरडली.

"पंपाले दम लागून राह्यला, माय! मोकळा करतो."

"सूनबाईनं घातलं तं काही कामानंच घातलं असन."

"मोटारीतलं मले शिकवते काय?"

टोपडं काढलं. काय लाटा उसळल्या! नारिंगी मासा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फेकला गेला. मी समाधानानं दुकानात गेलो.

दुपारी जेवायला आलो तर लाइन गेलेली आणि दगड रिकामा! मासा येड्यासारखा गरगरत होता. फूल फिरायला निघालं होतं आणि थेट पंपाच्या तोंडावर जाऊन बसलं होतं. निम्मे धागे फटीतून आत! पंप बंद होता म्हणून वाचलं. लाइन आली की आतलं पातं फिरणार आणि फुलाची चटणी होणार. वर ते मेलं की टाकीचं सगळं पाणी नासतं, म्हणजे मासाही जाणार. ओढून काढावं तर शिल्पानं सांगून ठेवलेलं, ओढलं की बूड फाटतं. त्या टोपड्याचं काम मला तेव्हा कळलं!

मी घाईघाईनं लाइनमन गजूभाऊला फोन लावला.

"दहा मिनटात देतो लाइन," मी काही बोलायच्या आत तो म्हणाला.

"देऊ नको भाऊ! हात जोडतो. घंटाभर तरी देऊ नको!"

"काऊन? तारीले कोणी चिपकलं काय?"

"फूल फसलं रे पंपात!"

"कायचं फूल? कोबीचं?"

"समुद्राचं!"

तो हळूच म्हणाला, "भाऊ, उन्हात फिरले काय आज?" आणि फोन ठेवला.

मी हताश होऊन टाकीसमोर उभा राहिलो. जन्मभर लाइन यावी म्हणून देवाला साकडं घातलं, आज येऊ नये म्हणून घालत होतो! तेवढ्यात मायनं माझ्या पाठीमागे सुनेला फोन लावलासुद्धा. "सूनबाई, यानं टोपडं काढलं न् तुयं फूल पंपात घुसलं!"

फोनमधून बारशाच्या पाळण्यापेक्षा मोठा आवाज आला, "मग पंपाचं बटन बंद करायला सांगा ना त्यांना!"

बटन.

मी झडप घातली, बटन पाडलं, वर पिनही उपसली. आणि डोक्यावरचा पंखा गरगर फिरायला लागला. लाइन आली होती!

मी तिथेच फरशीवर बसलो. संध्याकाळपर्यंत फुलानं आपणहून एकेक धागा सोडवला आणि सावकाश दगडाकडे परतलं. दोन-चार धागे तुटले, पण मासा कुशीत शिरला तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की मी मायच्या पाया पडलो. "माह्या कायले पडतं?" माय म्हणाली, "त्या बटनाच्या पड!"

शिल्पा परतली. फुलाकडे बघितलं, पंपाला टोपडं घातलं, माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी दुकानातली माझी पाटी गायब झाली.

आता गिऱ्हाइकं रिकाम्या भिंतीकडे बघून विचारतात, "भाऊ, पाटी कुठी गेली?" मी सांगतो, रंगवायला दिली. खरं तर ती आमच्या समुद्रावर टांगलेली आहे. माझ्याच हातची, लाल ठसठशीत अक्षरं: 'मोटारीला हात लावण्याआधी लाइन बंद करा. एवढी तरी अक्कल वापरा!'