सचिवांची टाच आणि सातवा परिच्छेद

रंगमंचावर मी सतरा वर्षं राजा होतो, आणि त्या सतराही वर्षांत माझं राज्य चालवलं ते विंगेतल्या एका स्टुलावर बसलेल्या बाईने. ती आमच्या नाटक मंडळीची प्रॉम्प्टर, विसरलेल्या नटाला हळूच ओळ देणारी. सगळे तिला ‘कुजबूज’ म्हणत आणि ती मला ‘महाराज’ म्हणे, अगदी मी लुंगी नेसून दाढी करत असलो तरी.

तिची कुजबूज म्हणजे एक कारागिरी होती. नटाच्या कानात पोचायची, पण पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला पत्ता लागत नसे. मांडीवर संहिता उघडी असायची, पण मी तिला पान उलटताना फारसं पाहिलं नाही. हातातून कागद गेला की तिला तो पाठच होई.

“पाठांतराचं काय एवढं?” ती म्हणायची. “नट थांबलाय की विसरलाय, हे कळायला पाहिजे. थांबलेल्याला ओळ दिली तर तो माझा गळा धरेल.”

“मग तुला कळतं कसं?”

“पायांवरून. तुम्ही थांबता तेव्हा पाय खिळल्यासारखे असतात. विसरता तेव्हा डाव्या पायाचा अंगठा वर होतो.”

मी हसण्यावारी नेलं. त्याच आठवड्यात भर दरबारात आपण कोणत्या मुलखाचे राजे, हेच मी विसरलो. खाली पाहिलं तर अंगठा वर! तेवढ्यात विंगेतून मुलखाचं नाव आलं आणि माझं सिंहासन वाचलं.

पुढे मंडळी बंद पडली. आमच्या नाट्यगृहात आता सोफे विकतात. मी म्हातारा झालो, त्यात माझं कौतुक नाही, पण कुजबूज पन्नाशीनंतर नोकरी शोधायला निघाली. जन्मभर संहिता टाइप करून बोटं तयार होतीच. परराष्ट्र खात्याच्या टंकलेखन विभागात तिला एका वर्षासाठी घेतलं. वर्ष संपल्यावर ठेवायचं की निरोप द्यायचा, ते ठरणार होतं.

ती भावाकडे राहते. वहिनी जीव लावणारी आहे, तो प्रश्न नव्हता.

“पण महाराज, दुपारी घर शांत झालं की मला माझ्याच चपलांचा आवाज येतो,” ती एकदा म्हणाली. “मला जायला एक जागा पाहिजे. जिथे मी नसले तर कुणाचं तरी अडेल.”

मला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. मीही त्याच आजाराचा रोगी.

अकराव्या महिन्यात समुद्रापलीकडच्या मित्रदेशाचं शिष्टमंडळ सल्लामसलतीला आलं. त्या बैठकीचं संयुक्त निवेदन आता वर्तमानपत्रांत छापून आलंय, म्हणून मी हे लिहू शकतो. दोन्ही देशांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या तारा कुणीतरी तोडत होतं. तिथे गस्त कुणी घालायची आणि किनाऱ्यावरच्या रडारची माहिती कुणी कुणाला द्यायची, हा प्रश्न. दोघांची दोस्ती पक्की, पण दारात उभे राहिलेल्या दोन भिडस्त पाहुण्यांसारखं ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करण्यात आधीच्या तीन बैठका गेल्या होत्या.

आमच्या बाजूच्या मसुद्यातला सातवा परिच्छेद राखून ठेवलेला होता. पहिले सहा महिने गस्तीच्या बोटी आम्ही देऊ, असं त्यात होतं. समोरचे रडारची माहिती द्यायला कबूल झाले तरच, दुसऱ्या दिवशी दुपारी, तो उघडायचा. कुजबुजीने तो मसुदा अकरा वेळा टाइप केला होता. म्हणजे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच.

बैठकीच्या सकाळी, आमच्या बाजूने बोलणाऱ्या परराष्ट्र सचिवांना कागद देणारा कारकून तापाने झोपला. मसुद्याची पानं हिला माहीत, म्हणून विभागप्रमुख बाईंनी हिला त्या खोलीत सचिवांच्या मागच्या खुर्चीवर बसवलं.

“फक्त कागद द्यायचे,” बाईंनी बजावलं. “तोंडातून एक शब्द नाही.”

“तीस वर्षं नाटकात होते, बाई. कुणाला दिसलेसुद्धा नाही.”

“दिसण्याचं नाही म्हणत मी. ऐकू येण्याचं म्हणते.”

लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास आणि लाल दिव्याचा माइक, सगळ्यांच्या कानांना हेडफोन. कोपऱ्यात काचेच्या पेटीसारख्या खोलीत दुभाषी बसलेले. कुजबुजीला पाहताक्षणी जागा आवडली. “सगळं होतं महाराज, फक्त पडदा नव्हता.”

तासाभराने सचिव म्हणाले, “आमचं सरकार या प्रश्नाकडे अत्यंत गांभीर्याने पाहतं. आणि म्हणूनच...”

आणि ते थांबले.

हे थांबणं मुद्दाम होतं. मुत्सद्द्यांचं ते ठेवणीतलं हत्यार म्हणे. शांतता ज्याला आधी असह्य होईल, तो काहीतरी देऊन बसतो. नट याला ‘जागा घेणं’ म्हणतात. सचिवांनी मोठी झकास जागा घेतली होती.

पण कुजबूज मागे बसली होती. तिला चेहरा दिसत नव्हता. तिला दिसत होती खुर्चीखालची सचिवांची डावी टाच. ती बुटातून वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

“मग माझा माझ्यावर ताबाच राहिला नाही,” ती सांगते. ती पुढे झुकली आणि त्याच जुन्या, धारदार, मोजक्या कुजबुजीत तिने ओळ दिली: “पहिले सहा महिने गस्तीच्या बोटी आम्ही देऊ.”

आमच्या नाट्यगृहात हे कुणालाही ऐकू गेलं नसतं. पण इथे सचिवांच्या माइकचा लाल दिवा लागलेला होता. ओळ प्रत्येक हेडफोनमध्ये गेली. आणि काचेआडच्या दुभाष्याने, इमानी माणूस तो, तिचं लगेच भाषांतरही केलं. चांगलं भावपूर्ण केलं म्हणे.

दारापाशी उभ्या असलेल्या विभागप्रमुख बाईंनी डोळे मिटले. सचिवांचं तोंड ‘म्हणूनच’वर उघडं ते उघडंच.

समोरच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणजे पांढऱ्या केसांच्या एक वयस्क बाई. त्यांनी हेडफोन काढला, सचिवांच्या न हललेल्या ओठांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “सचिवसाहेब, तुमचा आवाज एकदम इतका गोड कसा झाला?”

कुणी हसलं नाही. मग त्या स्वतःच हसल्या. आधी खांदे हलले, मग टेबलावरचा ग्लास हलला. शेजारच्या आपल्या मदतनिसाला त्या म्हणाल्या, “काढ रे आपलाही तो कागद. नववा मुद्दा. उद्या दुपारसाठी जपून ठेवलाय तो.”

नववा मुद्दा होता: बोटी तुम्ही देत असाल, तर रडारची माहिती आमच्याकडून.

वर्षभर दोघेही एकच ओळ खिशात घेऊन एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते! जेवणाच्या सुट्टीआधी सगळं ठरलं. दुसऱ्या दिवशी काही काम उरलं नाही, म्हणून पाहुण्यांना बोटीतून फिरवून आणलं.

पण कुजबूज जेवायला गेलीच नाही. दुपारी ती सचिवांच्या खोलीत गेली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

“मी विसरलो असं तुम्हाला वाटलंच कसं?” सचिवांनी विचारलं. ते रागावले होते, आणि त्यांचा हक्कच होता. “बाई, निकाल चांगला लागला म्हणून चूक लहान होत नाही. समोर दुसरं कुणी असतं तर?”

“नाही साहेब, चूक मोठीच आहे. पण तुमची टाच हलली.”

“टाच?”

तिने अंगठ्याचं सगळं शास्त्र सांगितलं. सचिवांनी टेबलाखाली वाकून डावा बूट काढला. “नवे आहेत. सकाळपासून चावतायत,” ते म्हणाले, आणि मोजा ओढून टाचेवरचा फोड तिला दाखवला. तिने पर्समधली पट्टी काढून दिली. ओळखपत्र टेबलावरच राहिलं.

त्यानंतरचे आठ दिवस ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची. मी गावातल्या सगळ्या नटांच्या नकला करून दाखवल्या. एकदाही हसली नाही.

नवव्या दिवशी ती पाकीट घेऊन आली. “फोडलंय,” म्हणाली. “पण तुम्ही वाचा. मोठ्याने.”

मी उठलो, चष्मा लावला, दरबारात फर्मान वाचायचो तसा उभा राहिलो. “सदर कर्मचारी यापुढे बैठकीत सचिवांच्या मागे बसतील, मात्र कोणत्याही चालू माइकपासून किमान दोन मीटर अंतरावर.” इथे मी हसून घेतलं. “पुढील वर्षीची सल्लामसलत मित्रदेशात होणार असून, तेथील शिष्टमंडळ प्रमुखांच्या खास विनंतीवरून सदर कर्मचाऱ्यांचे नाव आपल्या पथकात समाविष्ट केले आहे. तसेच त्यांना...”

अक्षरं स्वच्छ दिसत होती. पण पुढचा शब्द तोंडातून बाहेर येईना.

“सेवेत कायम करण्यात येत आहे,” खुर्चीतून हळूच आवाज आला.

“मी विसरलो नव्हतो हं,” मी म्हणालो. “कागद हातात आहे माझ्या.”

“माहीत आहे महाराज,” ती डोळे पुसत हसली. “पण अंगठा बघा.”

मी खाली पाहिलं. चांगला वर झाला होता.