विम्यावर भासऱ्याचं नाव

माहा नवरा फौजेत गेला तवा बिनलग्नाचा होता. पलटणीतल्या बाबूनं विचारलं, विम्यावर कोनाचं नाव टाकू? त्यानं मोठ्या भावाचं सांगतलं. मंग लगन झालं, पोरगी झाली, सुट्टीवर दोनदा घरी आला. बैलाचीबी खुशाली विचारली, पण ते नाव बदलाचं काई त्याले सुचलं नाई. मेलेल्या मानसावर रागवू नये म्हणतात. मले आजबी राग येते.

चीनच्या लढाईत तो गेला अन् विम्याचा पैसा आला भासऱ्यायच्या हातात. भासरे म्हंजे माहे मोठे दीर. भावाच्या दुखानं घास उतरत नाई म्हणे, अन् मेहकरातून रेडिओ घेऊन आले. का, त भावाची आठवण! वा रे वा!

माहा भाऊ सुलतानपुरातून भांडाले आला. भासरे साऱ्या गावापुढं म्हणे, "कागदावर ज्याचं नाव, त्याचा पैसा. सरकारपेक्षा मोठी हाये का बाई?" पंचायनं माना हलवल्या. हलवतीनच, तेरवीची बुंदी अजून पोटात होती ना! मी दाराआडून ऐकून राह्यली होती. भासऱ्यापुढं तोंड उघडाची आमच्यात रीत नाई.

तेवढ्यात जमिनीचा कायदा आमच्या गावापर्यंत पोचला. हद्दीपेक्षा जास्त ज्याची, त्याची सरकार नेणार. भासऱ्यायची जमीन लई. कायद्याची कुणकुण लागली तवाच त्यायनं विहिरीचं वावर माह्या नवऱ्याच्या नावावर चढवून ठेवलं होतं. निस्तं कागदोपत्री. पीक भासऱ्यायच्याच कोठीत. लई हुशार मानूस!

चौकशीले साहेब आला. चावडीत तलाठ्यानं वाचलं, "विहिरीचं वावर. खातेदार मयत. आता हे कोनाचं?"

भासऱ्यायची पंचाईत झाली. आपलं म्हणावं त सरकार नेते. मी पोरीले काखेत घेऊन पुढं झाली. भासऱ्याशी बोलता येत नाई, म्हणून तलाठ्यालेच म्हटलं, "भाऊ, यायले विचारा, हे वावर कोनाच्या नवऱ्याचं?"

साहेब पाहून राह्यला, गाव पाहून राह्यलं. भासऱ्यायनं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"हाव," म्हणे, "तिचंच हाये."

तलाठ्यानं माहं अन् पोरीचं नाव लावलं. घरी आल्यावर भासरे भिंतीकडं पाहून बोलले, "निस्तं नावच हाये ते. पीक आपल्याच घरात येईन."

मी पदर सावरला अन् जन्मात पह्यल्यांदा त्यायच्या तोंडावर बोलली, "मंग विम्यावरबी तुमचं निस्तं नावच होतं ना? पैसा आना अन् वावर घेऊन जा."

पैसा काई आला नाई. त्या साली विहिरीवरचा गहू मी कापला.