कुसुमताईंचा हुंकार

हिम्मतराव दिवसा कोर्टात नकला उतरवायचे आणि दर गुरुवारी संध्याकाळी अंबरपेठच्या आमच्या दत्तमंदिरात गायचे. गाताना तोंड दुसऱ्या खांबाकडे, कारण तिथे म्हाताऱ्या कुसुमताई टेकून बसत. कडवं संपलं की ते श्वासभर थांबत. कुसुमताई "हूं" म्हणत. मग पुढचं कडवं. तबल्याला आमचे हे. ते म्हणत, "त्या हुंकाराशिवाय गाडी सुटत नाही."

थंडीत मात्र हुंकार यायचा नाही. हिम्मतराव वाट बघून हिरमुसायचे आणि तसेच पुढचं कडवं धरायचे. "थंडीत माझा गळा उतरतो, इंदुताई. त्यांना बरोबर कळतं."

भाषावार वाटणीत आमचं राज्य फुटलं. कुसुमताईंच्या मुलाची नोकरी औरंगाबादला गेली, त्याच्याबरोबर त्याही गेल्या आणि वर्षाच्या आत तिकडेच वारल्या.

त्या परततील या आशेवर हिम्मतराव तोवर हुंकाराविनाच गात होते. वारल्याचं कळलं त्या गुरुवारी मात्र पहिल्या कडव्याशी थांबले ते थांबलेच. मागून कुणीतरी भीत भीत "हूं" केलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हे नव्हे. भजन तिथेच राहिलं.

बाहेर चपला घालताना म्हणाले, "पुढच्या गुरुवारी दुसरं कुणी बघा. आता सांगायचं कुणाला?"

माझ्याने राहवेना. "हिम्मतराव, कुसुमताईंना ऐकू येत नव्हतं. विषमज्वरात कान गेले होते त्यांचे."

"खामखा काहीतरी बोलू नका."

"मी शेजारी बसायचे ना. तुमच्या गळ्याची शीर तटतटून थांबली की त्या हूं म्हणायच्या. तुम्हाला सांगू का विचारलं, तर म्हणाल्या, नको गं, उगीच ओरडून गाईल."

ते हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आणि थंडीत?"

"थंडीत तुम्ही मफलर गुंडाळता."

त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

पुढच्या गुरुवारी ते येतील असं वाटलं नव्हतं. आले. कडाक्याची थंडी होती. मफलर काढून घडी करून त्यांनी मांडीखाली ठेवला आणि उघड्या गळ्याने खांबाकडे तोंड केलं. खांबावर कुसुमताईंच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून आहे. त्या दिवशी ते इतकं हळू गायले की शब्द मला ओठांवरून ओळखावे लागले. कडवं संपलं. शीर थांबली. टाळ थांबले. माझ्या शेजारची रिकामी सतरंजी गार होती. मी मनात दत्ताचं नाव घेत राहिले, तिकडे बघितलं नाही.

हिम्मतरावांनी मान डोलावली आणि पुढचं कडवं धरलं.