भट्टीवरचं पाणी

काचेच्या टाक्यांचे सांधे बुजवायचा लेप तो करायचा. मासे पाळणारे, प्रयोगशाळावाले, सगळे त्याच्याकडूनच लेप नेत, कारण त्याचा सांधा गळत नसे. लोक त्याला लेपवाला म्हणत. बायकोचं ‘अहो’वर भागायचं.

लेप मागच्या खोलीत व्हायचा, आतून कडी लावून. खोलीबाहेर भट्टी, तिच्यावर झाकलेली मोठी कढई, आणि धुराड्यातून दिवसभर धूर. कोळसा घालायला मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. झाकण उचलायची त्याला परवानगी नव्हती.

भाची वकील झाली तेव्हा म्हणाली होती, “मामा, पेटंट घ्या. कृती लिहून द्यायची. मग वीस वर्षं दुसऱ्या कुणाला ती वापरता येत नाही.”

“आणि नंतर?”

“नंतर सगळ्यांची.”

“म्हणजे चोराला घराचा नकाशा द्यायचा आणि वर सांगायचं, वीस वर्षं थांब. नको बाई. गोष्ट षट्कर्णी झाली की संपली. माझे दोनच कान पुरेत.”

पुढे मेहुणा कोळशाला कंटाळून बाहेर पडला. त्याला माहीत होती ती फक्त भट्टी. त्याने तेल आणि खडूची भुकटी मंद आचेवर शिजवून पाहिली. करपली. पुन्हा शिजवली. बऱ्याच खटपटीनंतर लेप जमला, आणि चांगला जमला. त्या शिजवण्याच्या पद्धतीचं त्याने पेटंट घेतलं आणि लेपवाल्यावरच दावा लावला: हे माझ्या पद्धतीने लेप शिजवतात, यांना थांबवा.

“खाल्ल्या घरचे वासे मोजतोय मेला,” बायको म्हणाली.

भाची मात्र निश्चिंत होती. “मामा, तुम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून शिजवताय. मग तो तुम्हाला अडवू शकत नाही. अख्खी गल्ली साक्ष देईल.”

लेपवाला नखातला खडू काढत बसला होता. “मी शिजवत नाही,” तो म्हणाला. “लेप थंडच होतो. कढईत पाणी असतं.”

“मग भट्टी कशाला?”

“लोकांनी भट्टीकडे बघावं म्हणून.”

बायकोने खोकत विचारलं, “म्हणजे हा माझा खोकला पाण्यासाठी?”

तो पुन्हा नखातला खडू काढू लागला.

“मग खरं तेच सांगा,” भाची म्हणाली. “शिजवत नाही म्हटल्यावर दावाच उरत नाही. पण ते दाखवावं लागेल. त्यांचा तज्ज्ञ खोलीत येईल, तुम्ही लेप करताना बघेल. बाहेर बोलणार नाही असं लिहून देईल.”

“डोळे बाहेर ठेवून येईल का तो?”

“मामा, खोटं मी मांडणार नाही.”

त्याने दुसरा वकील केला. कोर्टात शपथेवर सांगितलं की लेप आपण पहिल्यापासून शिजवतो. गल्लीने धुराची साक्ष दिली. बायकोला विचारलं, धूर निघतो का? ती म्हणाली, “निघतो. ऐकताय ना, मी खोकतेय ते.” दावा फेटाळला गेला.

बाहेर पायऱ्यांवर मेहुणा थांबला होता. भांडायला नव्हे.

“भाऊजी, चुकलंच माझं. मला वाटत होतं, यात थोडं माझंही डोकं आहे. पण शेवटी तुमचंच उचललं मी.”

सगळं डोकं त्याचंच होतं. हे माहीत असलेली माणसं त्या पायऱ्यांवर दोन होती. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. लेपवाला म्हणाला, “असू दे. चालायचंच.” मेहुणा मान खाली घालून उतरून गेला. तेल आणि भुकटी त्याने विकून टाकली, असं नंतर कळलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “जिंकलात ना? आता तरी विझवा ती भट्टी.”

“आता कशी विझवू? शिजवतो म्हणून सांगितलंय.”

“मग निदान चादरी तरी उकळू द्या त्या कढईत.”

त्याने जरा विचार केला. “साबणाचा वास येईल,” तो म्हणाला, आणि कोळसा घालायला आता दुसरं कुणी नसल्याने स्वतःच फावडं उचललं.