सासूबाईंनी पक्ष सोडला ते वर्ष

लग्न होऊन मी वडगावला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूबाई घरात नव्हत्या. भात शिजवून झाकून ठेवलेला होता. ह्यांनी अगदी सहज सांगितलं, "आई सभेला गेली. कामशेतच्या पुढं कुठंतरी. संध्याकाळपर्यंत येईल." नवी सून घरात आली म्हणून त्या एक दिवसही थांबल्या नाहीत, याचं मला वाईट वाटलं. पुढं कळलं, की सभेला येते असा शब्द त्यांनी लग्न ठरायच्या आधीच दिला होता.

सासरे स्वातंत्र्याच्या चळवळीतले. ते अकाली गेल्यावर पक्षाची मंडळी घरी आली आणि सासूबाईंना म्हणाली, आता तुम्ही या. त्या गेल्या, आणि मग वीसेक वर्षं जातच राहिल्या. पायात वहाणा, हातात छत्री, पिशवीत भाकरी. सारं मावळ त्यांना मावशी म्हणायचं. बरोबर बहुतेक वेळा आबा असायचे. आबा म्हणजे पवना नदीकडचे शेतकरी, सासऱ्यांचे जुने सोबती. आवाज असा, की त्यांच्या सभेला कर्णा लागत नसे. आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, पण हाक मारल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाहीत.

मी तळेगावच्या शाळेत शिकवत होते. सासूबाई माझ्याशी प्रेमानं वागायच्या, पण आमचं बोलणं फारसं व्हायचं नाही. त्या यायच्या तेव्हा मी वह्या तपासत असायची, मी रिकामी व्हायची तेव्हा त्यांच्याभोवती माणसं असायची.

साठचं दशक संपत आलं आणि पक्षाचं वागणं हळूहळू बदलू लागलं. आधी बैठका देवळाच्या सभामंडपात घोंगड्यांवर व्हायच्या. मग लोणावळ्यात कार्यालय झालं, खुर्च्या आल्या, मुंबईहून मोटारीनं येणारे पाहुणे आले. त्याचं सासूबाईंना काही नव्हतं. खुर्ची बरी, गुडघ्यांना आराम पडतो, म्हणायच्या. पण उमेदवाराचं नाव बैठकीत ठरायचं थांबलं, ते वरूनच ठरून येऊ लागलं, आणि त्यांची बोलायची पाळी येईपर्यंत आभार मानून व्हायचे. अशा बैठकीहून परतल्या की त्या अर्ध्या भाकरीवरूनच उठायच्या.

मग वाडीचं प्रकरण झालं. लोणावळ्याच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला एक वाडी होती, ठाकर आदिवासींची. वाडीखालच्या गायरानावर त्यांची गुरं चरायची, तिथूनच सरपण यायचं. निवडणुकीच्या वेळी सासूबाईंनी आणि आबांनी वाडीत बसून सांगितलं होतं, की पक्ष तुमच्या गायरानाला हात लावू देणार नाही. त्यांच्या शब्दावर वाडीनं मतं दिली होती. आणि आता त्याच गायरानावर बंगल्यांचे प्लॉट पाडायचा ठराव पंचायतीत झाला होता, पक्षाच्याच माणसांनी हात वर करून.

हे सासूबाईंना वाडीतल्या बायांकडून कळलं. एका सकाळी चारपाच जणी ओट्याखाली उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "मावशी, तुमी व्हय म्हनला का त्याला?"

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. सासूबाईंनी तिला हाताला धरून वर ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "मला माहीतच नव्हतं गं." मग आत आल्या. पाण्याचा तांब्या भरायला घेतला आणि तो भरून वाहू लागला तरी तशाच उभ्या राहिल्या. मी तो हातातून काढून घेतला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं.

दोन दिवसांनी आबा आले. आज न बोलावताच आत आले.

"वहिनी, मी सोडतोय."

"मीही," सासूबाई म्हणाल्या.

बाकी काहीच चर्चा झाली नाही. आबांना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून राजीनामा लिहायला मला बसवलं. मी शाळेतल्या सवयीनं सुरुवात केली, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. आबांनी वाचायला लावलं आणि मान हलवली.

"खोटं कशापायी लिवायचं, पोरी? परकृती चांगली हाय माजी. सकाळी दोन भाकरी खाऊन आलोय."

"मग काय लिहू?"

आबांनी आढ्याकडे पाहिलं. मग सावकाश सांगत गेले, "लिव. आमी लोकास्नी शबूद दिलता. पक्षानं तो मोडला. आता आमाला त्या लोकांम्होरं पक्षाचं म्हनून जाता येत न्हाई. तवा आमचं नाव काढावं. रागावू नये."

"शेवटचं कशाला, आबा?" मी विचारलं.

"आगं, इतकी वरसं संगतीनं भाकर खाल्ली."

सासूबाईंनी त्याच कागदावर खाली सही केली. वेगळं लिहायला नको म्हणाल्या.

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं लोणावळ्याला गेलो. सासूबाईंनी मला का बरोबर घेतलं, ते मी विचारलं नाही. डब्यात आबा खिडकीशी बसून भाताची खाचरं बघत होते आणि कुणाचं पीक कसं उभं आहे ते आम्हाला सांगत होते, जसं काही लग्नालाच निघालोय.

पक्षाचा तालुका अध्यक्ष तरुण होता. विद्यार्थी असताना त्याला पहिल्या सभेला सासूबाईंनीच नेलं होतं, पहिलं भाषण करताना तो अडखळला तेव्हा पुढं बसून टाळ्याही त्यांनीच वाजवल्या होत्या. आम्हाला पाहून तो खुर्चीतून उठला आणि त्यांच्या पाया पडला. कागद वाचला आणि खाली बसला.

"मावशी, जरा समजून घ्या. काळ बदललाय. बंगले झाले तर वाडीतल्याच माणसांना काम मिळेल. माळी लागतील, राखणदार लागतील."

"त्यांच्याच जमिनीवर त्यांना राखणदार ठेवणार?"

त्यानं कागदाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाला, "वरून आलं होतं, मावशी. मी नाही म्हटलं असतं तर मलाच काढलं असतं."

"कळतंय मला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू कामाचा आहेस, तू राहा. आम्हाला मात्र जाऊ दे."

त्यानं चहा मागवला. मला वाटलं, सासूबाई आणि आबा नको म्हणतील. पण दोघंही चहा प्यायले, त्यानं आबांच्या नातवाची चौकशी केली, आबांनी त्याच्या वडलांच्या दम्याला काढा सांगितला. निरोप घेताना अध्यक्ष दारापर्यंत सोडायला आला. बाहेर रस्त्यावर आल्यावर आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आणि आम्ही तिघंही स्टेशनकडे चालू लागलो.

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. सासूबाई पहाटे उठायच्या, आंघोळ करून लुगडं नेसून तयार व्हायच्या आणि मग कुठं जायचं ते न कळून ओट्यावर बसायच्या. रोज चहाला येणारी माणसं येईनाशी झाली. काहीजण बाजारात दिसले की नजर चुकवायचे. स्वातंत्र्यदिनाला मामलेदार कचेरीसमोरच्या झेंडावंदनाचं बोलावणं दरवर्षी घरी यायचं, ते आलं नाही. ह्यांना फार लागलं. ते कोर्टात कारकून, बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यांनी आईची छत्री शोधून पुसून ठेवली आणि म्हणाले, "चल, मी येतो बरोबर." आम्ही शाळेतल्या पोरांच्या मागं गर्दीत उभे राहिलो. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा माझ्या मागून एक दणदणीत आवाज आला. आबा पवनेकडून एवढ्या पावसात चालत आले होते.

मग दोघांनी वाडीचं काम हातात घेतलं. पक्षाचा फलक नव्हता, जीप नव्हती. कचेरीत अर्ज दे, पुण्याला साहेबांना भेट, पुन्हा तारीख. वाडीतले लोक सोबत असायचे. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या निमित्तानं सासूबाई संध्याकाळी माझ्याजवळ बसू लागल्या. मजकूर सांगता सांगता त्या स्वतःबद्दल बोलायच्या. पहिल्या सभेत त्यांचे पाय थरथरले होते, आणि लुगड्यामुळे ते कुणाला दिसले नाहीत, हे मला तेव्हा कळलं. एकदा त्या म्हणाल्या, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी थांबायला हवं होतं गं." मी म्हटलं, आता आहात ना.

गायरान सगळं वाचलं नाही. रस्त्याकडचा तुकडा गेला आणि तिथं बंगले उभे राहिले. ओढ्यापलीकडचं गायरान मात्र वाडीकडे राहिलं. सासूबाईंना ते अर्धंच वाटायचं. वाडीतल्या बाया मात्र उन्हाळ्यात पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन यायच्या.

पुढच्या निवडणुकीला मी त्यांच्याबरोबर मतदानाला गेले. शाळेबाहेर पक्षाचा मांडव होता. त्यात बसलेली पोरं बहुतेक त्यांनीच पक्षात आणलेली. मावशी येताना दिसल्या, तशी सगळी सवयीनं उठून उभी राहिली, आणि मग आता काय करावं ते न सुचून तशीच उभी राहिली. त्यातल्या एकानं खुर्ची पुढं केली. सासूबाई क्षणभर थांबल्या आणि बसल्या. पाणी प्यायल्या. एकाला विचारलं, "आईचा डोळा बरा झाला का रे?" मग उठून आत गेल्या, मत दिलं. कुणाला दिलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी आबा ओट्यावर आले. त्यांना बातमी आधीच पोचली होती.

"वहिनी, तितं बसायचं न्हवतं."

"पोरांनी खुर्ची दिली, आबा. पाय दुखत होते."

"मलाबी दिलती आमच्या गावात. म्या न्हाई बसलो."

सासूबाईंनी मान डोलावली. आबांनी चहाची बशी तोंडाला लावली, खाली ठेवली, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पानी प्यालो तेवढं."

सासूबाई हसायला लागल्या, आणि मग आबाही.