पेटीतली पांढरी रेघ

त्या संध्याकाळी मी आईवर जेवढी ओरडले, तेवढी जन्मात कुणावर ओरडले नसेन.

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीखाली काचेची पेटी होती, वाळूने अर्धी भरलेली. तिच्यात माझा किडा राहायचा. अमेरिकेतल्या वाळूच्या टेकड्यांवरचा, चांगला बोटाएवढा. पाठीला उंटासारखं पोक, म्हणून कॅमल क्रिकेट, म्हणजे उंट-रातकिडा. पंख नाहीत, किर्रकिर्र नाही. मागच्या पायांवर काट्यांची झालर. त्या झालरीने भसाभस वाळू उडवत तो बघता बघता आत गडप व्हायचा. नॉटिंगहॅमच्या एका छंदिष्टाच्या हातापाया पडून मिळवला होता मी तो!

आई पुण्याहून आली ती पहिल्याच दिवशी नाक मुरडून म्हणाली, "शी! किडे कसले पाळतेस?" आणि बॅगेतून काय काढावं? झुरळं मारायचा खडू! मी तिथल्या तिथे बजावलं, "हा पेटीच्या आसपास दिसता कामा नये."

"बरं बाई," म्हणाली.

आणि त्या दिवशी ऑफिसातून घरी येते तर किडा वाळूवर उताणा, पाय आखडलेले. काचेला आतून चारही बाजूंनी पांढरी रेघ, वाळूवर तिचाच भुगा.

डोकंच फिरलं माझं. "मारलास ना शेवटी? पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होता तुझ्या! एवढीच किळस होती तर आलीस कशाला इथे?" नाही नाही ते बोलले.

आई खाली मान घालून बसली होती. मग म्हणाली, "मुंग्या लागल्या होत्या गं. त्याला गाजर दिलं, तर त्याच्यावर ही रांग! त्याला चावतील म्हणून रेघ मारली."

"तू कधीपासून गाजर द्यायला लागलीस?"

"रोज देते. तू गेलीस की दिवसभर तोच असतो घरात. बोलते त्याच्याशी."

हे ऐकून मी निवायला हवं होतं. उलट जास्तच भडकले. "अगं, मग मला फोन करायचा! मुंग्या आल्यात एवढं विचारायला काय झालं होतं?"

"केला होता," आई म्हणाली. "तू कट केलास."

मीटिंगमध्ये होते मी, हेही मी ओरडूनच सांगितलं. ती उठली, ओलं फडकं घेऊन आली आणि काचेवरची रेघ पुसायला लागली.